बंदुकीचा हातबदल : खानदेशांतील शस्त्रकायद्याची हकीकत

गाय विकली आणि ती घेणाऱ्याच्या गोठ्यांत बांधली गेली, म्हणजे व्यवहार पुरा होतो. बैलगाडी विकली, पैसे मोजून घेतले, दोन माणसें साक्षीला असलीं, म्हणजे आणखी कोणाला कांहीं विचारावें लागत नाहीं. बंदुकीची गोष्ट वेगळी आहे. जळगांवच्या एखाद्या कापसाच्या व्यापाऱ्याजवळ दुनळी बंदूक आहे आणि शिरपूरकडे शेती करणारा त्याचा बालमित्र ती विकत मागतो आहे, अशी कल्पना करावी. किंमत ठरली आहे, मैत्री जुनी आहे, दोघेही अब्रूदार आहेत. तरीही हा सौदा दोघांचाच राहत नाहीं. त्यांत एक तिसरा पक्ष उभा असतो, आणि तो म्हणजे सरकार. हा तिसरा पक्ष केव्हां आला, कां आला आणि त्याचें म्हणणें काय आहे, याची हकीकत खानदेशच्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत मोठी उद्बोधक आहे.

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत खानदेशांत हत्यार बाळगण्यास कोणाचा परवाना लागत नसे. होळकरांच्या व शिंद्यांच्या फौजांची ये-जा, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या, डोंगरांतून उतरणाऱ्या टोळ्या आणि १८०३ च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ यांमुळें हा सुपीक प्रांत उजाड झाला होता. ज्याच्या घरीं तलवार किंवा तोड्याची बंदूक, त्याचें घर त्या मानानें सुरक्षित, असा तो काळ होता. किल्ल्यांतून आणि गढ्यांतून पगारी अरब शिपाई असत, व त्यांचें सारें वजन त्यांच्या बंदुकींवर अवलंबून असे. १८१८ च्या फेब्रुवारींत सर टॉमस हिस्लॉप याची फौज तापीकांठच्या थाळनेरपुढें आली. दरवाज्याशीं झालेल्या झटापटींत इंग्रज अधिकारी पडले, शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम यास फांशीं देण्यांत आलें. त्याच वर्षीं मे-जून महिन्यांत, तेव्हां खानदेशांत मोडणाऱ्या मालेगांवच्या किल्ल्यांत अरबांनीं सुमारें महिनाभर वेढ्यास तोंड दिलें. राज्य जिंकलें तरी रयतेच्या आणि शिपायांच्या हातांतील हत्यारें जोंवर मोजलेलीं नाहींत, तोंवर अंमल पुरा बसत नाहीं, हा धडा नव्या सरकारला पहिल्याच वर्षीं मिळाला.

खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला व धुळें हें त्याचें मुख्य ठाणें झालें. अरबांना वाटेला लावणें त्या मानानें सोपें ठरलें. भिल्लांचा प्रश्न कठीण होता, कारण ते परके नव्हते. डोंगर त्यांचेच होते. केवळ शिपाई पाठवून हा प्रश्न सुटत नाहीं असें दिसल्यावर १८२५ सालीं जेम्स आउट्राम या तरुण अधिकाऱ्यानें भिल्लांचेंच एक पथक उभें केलें. धरणगांव हें त्या पथकाचें ठाणें. ज्या हातांतून हत्यार काढून घ्यावयाचें त्याच हातांत सरकारी बंदूक, पगार आणि गणवेष द्यावयाचा, अशी ही युक्ति होती. तिच्यांत पुढच्या सर्व शस्त्रकायद्यांचें बीज दिसतें. बंदूक वाईट आहे किंवा चांगली आहे, असें सरकार म्हणत नव्हतें. ती कोणाच्या हातीं असावी हें ठरविण्याचा अधिकार मात्र तें स्वतःकडे घेत होतें.

१८५७ च्या उठावानें या अधिकाराला कायद्याचें रूप आलें. खानदेशच्या उत्तर सीमेवर सेंधव्याच्या घाटांत रस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक सरकारावर उलटला. भिमा नाईक त्याला मिळाला. इंदूरकडून येणारा खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणी येथें भिल्लांची व कंपनीच्या फौजेची मोठी लढाई झाली. इकडे कलकत्त्यास, १८५७ च्याच २८ व्या कायद्यानें हत्यारांची आयात, घडण, विक्री आणि बाळगणूक यांवर नियंत्रण घालण्यांत आलें होतें. तो कायदा तात्पुरता होता. १८६० च्या ३१ व्या कायद्यानें तेंच धोरण पुढें चालविलें आणि आवश्यक वाटेल तो मुलूख नि:शस्त्र करण्याची सत्ता सरकारला दिली. संकटाच्या वर्षीं उगारलेला हात संकट ओसरल्यावरही खालीं आला नाहीं.

मित्राला बंदूक विकण्याचा प्रश्न स्पष्ट शब्दांत प्रथम सोडविला तो १८७८ च्या कायद्यानें. लॉर्ड लिटन त्या वेळीं व्हाइसरॉय होता. १४ मार्च १८७८ रोजीं देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदा झाला आणि दुसऱ्याच दिवशीं, १५ मार्चला, शस्त्रकायदा झाला. लेखणी आणि बंदूक यांचा बंदोबस्त लागोपाठच्या दोन दिवशीं झाला, हा योगायोग त्या काळच्या सुशिक्षितांच्या नजरेंतून सुटणारा नव्हता. पहिला कायदा लॉर्ड रिपन यानें १८८२ सालीं रद्द केला. दुसरा मात्र ऐंशींहून अधिक वर्षें टिकला.

या कायद्याची ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या ऐसपैस होती. तोफा, बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांचीं पातीं, इतकेंच काय, धनुष्यबाणही तिच्यांत घातलेले होते. सातपुड्याच्या पायथ्याशीं ज्यांचें पोटच धनुष्यबाणावर चालत आलें, त्यांच्या दृष्टीनें ही व्याख्या किती लांब पोहोंचली होती हें सांगावयास नको. १४ व्या कलमानें बंदूक आणि दारूगोळा परवान्याशिवाय जवळ बाळगण्यास बंदी केली. कायदा मोडणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकत असे.

विक्रीचें कलम पांचवें. परवान्याशिवाय कोणीही शस्त्रें घडवूं नयेत व विकूं नयेत, हा त्याचा सर्वसाधारण नियम. परंतु त्याला एक अपवाद जोडलेला होता, आणि तोच येथें महत्त्वाचा आहे. स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं कायदेशीरपणें बाळगलेलें हत्यार एखाद्या गृहस्थास दुसऱ्या माणसाला विकावयाचें असेल, तर त्यानें दुकानदाराचा परवाना काढण्याचें कारण नाहीं. मात्र घेणाऱ्याला तें हत्यार बाळगण्याची कायद्यानें मनाई नसावी, आणि विकणाऱ्यानें विनाकारण विलंब न लावतां जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला विक्रीची आणि खरेदीदाराच्या नांवा-पत्त्याची खबर द्यावी. म्हणजे १८७८ चा कायदा मित्रामित्रांतील सौदा मान्य करीत होता. सौदा आधीं, खबर मागाहून, अशी त्याची पद्धत होती. याच कायद्याचें २२ वें कलम याहून बारकाईचें होतें. घेणारा हत्यार बाळगण्यास कायद्यानें पात्र आहे कीं नाहीं याची आधीं खात्री करून न घेतां जो कोणी तें त्याच्या स्वाधीन करील, त्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या. ‘तो माझा मित्र आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखतों,’ हें उत्तर या कलमापुढें चालण्यासारखें नव्हतें. ओळख आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असें कायदा सांगत होता.

हा भाग सुज्ञपणाचा असला तरी कायद्याच्या पोटांत एक अन्याय होता. २७ व्या कलमान्वयें सरकारला कोणासही कायद्यांतून सूट देतां येत असे, आणि नियमांनीं ती सूट युरोपीय लोकांना सरसहा दिलेली होती. पांचव्या कलमांतील खबर देण्याची अटही सूट मिळालेल्या खरेदीदाराच्या बाबतींत लागूं नव्हती. तेव्हां धुळ्याच्या एखाद्या वकिलानें आपली बंदूक शेजारच्या दुसऱ्या वकिलाला विकली तर ठाण्यावर खबर दिलीच पाहिजे. तीच त्यानें गोऱ्या इंजिनियरला विकली तर कोणास कळविण्याचें कारण नाहीं! कायद्याला बंदुकीची भीति होती असें म्हणण्यापेक्षां कांहीं हातांची भीति होती असें म्हणणें अधिक खरें ठरेल.

या भेदभावाचें शल्य सुशिक्षित समाजाला दीर्घकाळ बोचत राहिलें. १८८७ सालीं मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या राष्ट्रीय सभेनें या कायद्यांत बदल करण्याची मागणी केली. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं फिरणाऱ्या गांधीजींनीं, अहिंसेचे पुरस्कर्ते असूनही, एका सबंध राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत अत्यंत काळा म्हणून दाखविला. १९२० च्या नव्या नियमांनीं वंशावर आधारलेली सूट काढून टाकली. १९३१ च्या मार्चमध्यें कराचीच्या काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा असें म्हटलें होतें. त्या पिढीला शस्त्राचा हक्क म्हणजे शिकारीची हौस नव्हती. सरकार आपल्यावर विश्वास ठेवतें कीं नाहीं, याची ती कसोटी होती.

तथापि याच कालखंडांत बंदुकीच्या गुपचूप हातबदलाची दुसरी बाजूही महाराष्ट्राला दिसली. खानदेशच्या शेजारीं नाशिक येथें २१ डिसेंबर १९०९ रोजीं, विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या वेळीं, कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यानें गोळ्या झाडल्या. तपासांत त्या पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत गेला. विनायक दामोदर सावरकर यांनीं चतुर्भुज अमीन याच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत पाठविलीं होतीं, आणि तीं विश्वासाच्या माणसांच्या हातून हातीं गेलीं होतीं. या घटनेचें राजकीय मूल्यमापन कोणीही कसेंही करो. शस्त्रकायद्याच्या दृष्टीनें तिचा अर्थ एवढाच कीं, हत्यार ज्याच्या हातांत सांपडतें त्याच्यापाशीं चौकशी थांबत नाहीं. मागच्या प्रत्येक हातापर्यंत ती पोहोंचते.

याहून वेदनादायक उदाहरण १९४८ चें. महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यांत माफीचा साक्षीदार झालेला दिगंबर बडगे हा मूळचा पूर्व खानदेशांतील चाळीसगांवचा. पुण्यास त्यानें ‘शस्त्र भांडार’ नांवाचें दुकान घातलें होतें. परवाना न लागणारीं सुरे-खंजिरांसारखीं हत्यारें तो उघडपणें विकी. पण त्यामागें बंदुका, पिस्तुलें आणि स्फोटक द्रव्यें यांचा चोरटा व्यवहारही चाले. हें सारें ओळखीपाळखीच्या गिऱ्हाइकांत होई, व त्याची नोंद कोणत्याही ठाण्यावर नसे. ज्या बेरेटा पिस्तुलानें ३० जानेवारी १९४८ ची हत्या झाली, तेंही कोणत्या दुकानांतून पावती देऊन घेतलेलें नव्हतें. हत्येपूर्वीं अवघे दोन-तीन दिवस ग्वाल्हेरला ओळखीच्या माणसांमार्फत तें मिळविलेलें होतें. लाल किल्ल्यांतील खटल्यांत खुनाच्या व कटाच्या आरोपांबरोबरच १८७८ च्या शस्त्रकायद्याखालचेही आरोप होते, आणि न्यायमूर्ति आत्माचरण यांनीं १० फेब्रुवारी १९४९ रोजीं निकाल दिला. परक्या सरकारनें भीतीपोटीं केलेला कायदा स्वतंत्र देशाच्या न्यायालयांत राष्ट्रपित्याच्या मारेकऱ्यांविरुद्ध उपयोगांत आला, ही इतिहासाची विचित्र गति होय.

१९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितीपुढें शस्त्राच्या हक्काचा प्रश्न आला. ह. वि. कामत यांनीं कराचीच्या ठरावाची आठवण देऊन, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तिला विरोध केला. वाटेल त्या माणसानें बाजारांत जावें आणि राज्याच्या नियंत्रणाशिवाय हल्ल्याचीं वाटेल तीं साधनें विकत घ्यावींत, असें झाल्यास राज्यकारभार चालणें अशक्य होईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदांत शस्त्राचा उल्लेख आला, तो निराळ्या रीतीनें: नागरिकांना शांततेनें आणि शस्त्रांवांचून एकत्र जमण्याचा हक्क आहे. जो प्रश्न राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधला होता, तो आतां नागरिक आणि त्याचा शेजारी यांच्यामधला झाला.

१८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्रकायद्यानें घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. तेव्हां पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हीं १९०६ पासूनचीं नांवें जाऊन जळगांव व धुळें असे जिल्हे झालेले होते. नव्या कायद्यानें लाठी, साधी काठी आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाचीं अवजारें शस्त्राच्या व्याख्येंतून वगळलीं. पिकाच्या राखणीसाठीं खरोखर लागणाऱ्या तोंडानें भरावयाच्या बंदुकीला, तसेंच २० इंचांहून कमी नसलेल्या नळीच्या साध्या बंदुकीला परवाना देण्याविषयीं त्यानें त्या मानानें अनुकूल धोरण ठेविलें. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत रानडुकरें शिरतात हें ज्याला माहीत आहे, त्याला या कलमाचें प्रयोजन सांगावें लागणार नाहीं.

मित्राला बंदूक विकण्याची मुभाही या कायद्यानें काढून घेतली नाहीं. पण तिची रीत बदलली. जुना कायदा मुख्यतः हत्यार जवळ असण्याकडे पाहत असे. नव्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानें तें मिळविण्यासही परवाना आवश्यक केला. म्हणजे बंदूक आधीं घरीं आणावी आणि परवान्याचें मग पाहावें, ही वाट बंद झाली. पुढें १९८३ च्या दुरुस्तीनें पांचव्या कलमांत सौद्याचा क्रमच उलटा केला. विकणाऱ्यानें आपला विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचें नांव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला आधीं लेखी कळवावयाचा, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबावयाचें. तोंवर बंदूक मूळ मालकाच्याच ताब्यांत राहते. १८७८ सालीं खबर सौद्याच्या मागून जात असे. १९८३ पासून ती सौद्याच्या पुढें चालते. त्याच दुरुस्तीनें बंदूक बाळगण्याचें किमान वय १६ वरून २१ वर्षें केलें. जो कायद्यानें अपात्र आहे किंवा ज्याचें मन ठिकाणावर नाहीं, अशा माणसाला हत्यार विकण्याची मनाई नवव्या कलमांत आहे.

वरच्या जळगांवकर व्यापाऱ्याच्या आणि त्याच्या शिरपूरच्या मित्राच्या सौद्याला हा नियम लावून पाहावा. मित्राजवळ स्वतःचा परवाना हवा, आणि त्या परवान्यांत त्या प्रकारचें हत्यार घेण्यास वाव हवा. व्यापाऱ्यानें लेखी खबर द्यावयाची व तिची पोंच जपून ठेवावयाची. मुदत संपल्यावर हत्यार द्यावयाचें, आणि एकाच्या परवान्यावरून तें कमी होऊन दुसऱ्याच्या परवान्यावर चढलें आहे हें पाहावयाचें. खबर न देतां किंवा ४५ दिवस पुरे होण्याआधीं हत्यार दिलें, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असें १९८३ च्या दुरुस्तीनें ठरविलें. १८७८ च्या २२ व्या कलमांतील आंकडे शंभर वर्षांनंतर जसेच्या तसे पुन्हा आले. पण परवानाच नसलेल्या मित्राला बंदूक विकणें ही निराळी आणि फार गंभीर गोष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पांचव्या कलमाविरुद्ध केलेल्या विक्रीला कमींत कमी ७ वर्षें आणि जास्तींत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. आणि ती बंदूक जवळ बाळगणारा मित्रही स्वतंत्रपणें अपराधी ठरतो. उपकार म्हणून केलेल्या एका देण्यानें दोन घरें अडचणींत येतात.

‘तात्पुरती वापरावयाला दिली’ हाही बचाव नव्हे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठीं, परवान्याच्या नूतनीकरणासाठीं किंवा खुद्द मालकाच्या उपयोगासाठीं दुसऱ्यानें ती वाहून नेण्यास कायदा मोकळीक देतो. मित्राच्या शेतावर रानडुकरें आलीं म्हणून आठवडाभर बंदूक पाठवून देणें यांत बसत नाहीं.

२०१९ च्या दुरुस्तीमुळें हा विषय अनेक जुन्या घरांच्या दाराशीं आला. एका माणसाला परवान्यावर जास्तींत जास्त ३ बंदुका ठेवतां येत, ती मर्यादा २ वर आली, आणि वारसाहक्कानें आलेल्या हत्यारांनाही ती लागूं झाली. अधिक बंदूक पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास एक वर्षाची मुदत होती. आजोबांची बंदूक, वडिलांची बंदूक आणि स्वतःची बंदूक अशा तीन पिढ्या ज्या भिंतीवर टांगलेल्या होत्या, तेथें कोणती ठेवावी आणि कोणती द्यावी, हा प्रश्न उभा राहिला. अशा वेळीं ‘घरचाच माणूस आहे, त्याला देऊन टाकूं’ असा मोह होणें स्वाभाविक आहे, आणि नेमक्या त्याच जागीं कायद्याचा कागद आडवा येतो.

खानदेशचा हा इतिहास पाहिल्यावर त्या कागदाविषयीं दोन भावना मनांत येतात. तो कागद जन्माला आला तो अविश्वासांतून. थाळनेर, मालेगांव आणि अंबापाणी यांची आठवण ज्यांना होती, त्या परक्या राज्यकर्त्यांनीं तो लिहिला, आणि त्यांतील वंशभेदानें एका सबंध पिढीचा अपमान केला. परंतु स्वतंत्र देशानें तो फाडून टाकला नाहीं. त्यांतील भेद काढला आणि खबर देण्याची अट अधिक कडक केली. कारण नोंदीशिवाय हातोहात फिरणारें हत्यार शेवटीं कोणाच्या हातीं पडतें, हें त्यानें १९४८ च्या जानेवारींत पाहिलें होतें. मैत्रीवर कायद्याचा आक्षेप नाहीं. मित्राच्या स्वभावाची ग्वाही मित्रानें द्यावी. परंतु मित्राच्या घरांतून ती बंदूक पुढें कोठें जाईल याची ग्वाही कोणीच देऊं शकत नाहीं. म्हणून बंदूक उंबरठा ओलांडण्यापूर्वीं तिची खबर ठाण्यावर पोहोंचली पाहिजे. ४५ दिवसांचा हा धीर जुन्या मैत्रीला जड वाटूं नये.